सक्करदरा : जन्मपत्रिका नसलेलें गांव

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंतील आठव्या इयत्तेस 'माझें गांव' हा निबंधाचा विषय दिला होता. विषय पन्नास वेळां दिलेला. तेव्हां वह्यांत नदी, देऊळ, पार आणि आमराई यांखेरीज कांहीं निराळें वाचावयास मिळेल अशी आम्हांस आशा नव्हती. परंतु सक्करदऱ्याहून येणाऱ्या मुलांच्या वह्या पाहतांना एक गोष्ट ध्यानांत आली. कोणी उमरेडकडचें आजोळ वर्णिलें होतें, कोणी भिवापुराजवळचें आजोबांचें खेडें, तर कोणी भंडारा जिल्ह्यांतील तळ्याकांठचें एखादें गांव. सक्करदऱ्यावर निबंध एकहि नव्हता. एका मुलानें तर मथळ्याखालीं एकच वाक्य लिहून वही मिटली होती : "आम्हांला गांव नाहीं, आम्ही सक्करदऱ्याला राहतों."

त्या मुलास गुण किती मिळाले हें येथें सांगण्याचें कारण नाहीं. त्याचें वाक्य प्रामाणिक आहे, तथापि तें खरें नाहीं असें आम्हांस वाटतें, आणि तें खरें कां नाहीं हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों. सक्करदरा हें गांव आहे. नागपूर शहरानें तें गिळलें हें कबूल. पण गिळलेलें सर्वच पचतें असें नाहीं.

महालांतून निघून रेशीमबागेवरून उमरेडच्या रस्त्याला लागावें, म्हणजे थोड्याच वेळांत सक्करदऱ्याचा चौक येतो. आतां तेथें उड्डाणपूल झाला आहे, आणि पुलावरून जाणाऱ्यास खालचा सक्करदरा दिसतहि नाहीं. खालीं मात्र सर्व कांहीं आहे : बुधवारचा बाजार आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, कापडाचीं, भांड्यांचीं व औषधांचीं दुकानें आहेत, आणि या साऱ्यांच्या आड आपला एक तलाव आहे. या ठिकाणीं कधींकाळीं ज्वारी उभी होती असें सांगितलें तर आजचीं मुलें आदबीनें ऐकून घेतात, विश्वास ठेवीत नाहींत. जुन्या गांवाच्या खुणा आमच्या मतें दोनच राहिल्या आहेत. एक तो तलाव. दुसरी खरेदीखतांतील दोन शब्द. येथल्या घराचे कागद उघडून पाहावे, म्हणजे पटवारी हलका आणि खसरा क्रमांक यांच्या सोबतीस 'मौजा सक्करदरा' हे शब्द अजून बसलेले आढळतात. मौजा म्हणजे महसुली गांव. घरमालकास त्याचा अर्थ ठाऊक असतोच असें नाहीं; पण तो शब्द काढून टाकण्याचें धैर्य कोणत्याहि दस्तलेखकास झालेलें नाहीं.

हें गांव वसलें कसें? या प्रश्नास उत्तर देणारे लोक बहुधा नांवापासून आरंभ करतात, म्हणून आपणहि तेथूनच आरंभ करूं. कोणी सक्करदरा लिहितात, कोणी शक्करदरा. इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांत तर जितके लेखक तितकीं रूपें आहेत. शक्कर म्हणजे साखर आणि दरा म्हणजे डोंगरामधील खोलगट वाट, एवढें ज्यास कळतें त्यास दोन शब्द जोडून गोड पाण्याच्या दरीची गोष्ट रचावयास वेळ लागत नाहीं. सक्करदऱ्याच्या सपाट जमिनींत दरी कोठें आहे, हें मात्र त्यास विचारूं नये. नांवाच्या उच्चारावरून गांवाचा इतिहास काढणें म्हणजे भांड्याच्या आवाजावरून आंत काय शिजलें तें सांगणें होय. हा मार्ग आम्ही सोडून देतों.

दुसरें उत्तर राजाचें. त्यास मात्र आधार आहे. नागपूर शहराची स्थापना देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानें केली, आणि तें साल १७०२ असें सामान्यतः धरतात. त्यापूर्वीं येथें बारा लहान वाड्या होत्या व त्यांस राजापूर बारसा म्हणत, असें जुन्या ग्रंथांत लिहिलेलें आहे. म्हणजे आज ज्यास आपण अभिमानानें शहर म्हणतों तेंहि मुळांत बारा खेड्यांचें गांठोडें. (या बारा वाड्यांचीं नांवें तोंडपाठ सांगणारे वृद्ध गृहस्थ नागपुरांत पुष्कळ भेटतात, दोघांची यादी मात्र सहसा जुळत नाहीं.) पुढें चांद सुलतानानें शहराला कोट घातला, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास राज्य रघूजी भोसल्यांच्या हातीं आलें. भोसल्यांना बागांचा शोक होता. चार्ल्स ग्रँट यांनीं १८७० सालीं संपादिलेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरांत त्यांच्या बागांचा उल्लेख आहे. त्यांत शहराच्या कोटाबाहेरच्या बागा म्हणून पालडी, सक्करदरा, सोनेगांव आणि तेलंगखेडी हीं नांवें येतात. त्याहून मागें गेल्यास, १८१७ च्या डिसेंबरांत आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याची व इंग्रजांची नागपुरास जी लढाई झाली तिच्या वर्णनांत सक्करदऱ्याच्या बागेचें नांव येतें. इतिहासाच्या पुस्तकांत या ठिकाणाचा प्रवेश होतो तो असा : राजाची बाग म्हणून, नाहीं तर लढाईंतील आडोसा म्हणून.

एवढ्यावरून 'सक्करदरा भोसल्यांनीं वसविला' असें म्हणण्याची चाल आहे. आम्हांस ती चाल मान्य नाहीं. बाग म्हणजे काय याचा थोडा विचार करावा. बागेस पाणी लागतें. विहिरींतून पाणी वर काढावयाचें तर मोट पाहिजे, नाडा पाहिजे, धावेवर खालींवर करणारी बैलजोडी पाहिजे, आणि पहाटेचा तारा दिसण्यापूर्वीं उठून ती हांकणारा मनुष्य पाहिजे. मोट फाटली कीं चामड्याचें काम जाणणारा पाहिजे, नाडा झिजला कीं वाक वळणारा पाहिजे. वाफे बांधणें, आळीं करणें, कलमें करणें, फुलें खुडणें, रात्रीं डुकरें हांकणें, हीं कामें करणारे हात पाहिजेत. त्या हातांस भाकर पाहिजे, भाकरीस ज्वारी पाहिजे आणि ज्वारीस शेत. आतां हीं सर्व माणसें रोज कोटाच्या आंतून चालत येत व दिवे लागण्याच्या वेळीं परत जात, असें ज्यास मानावयाचें असेल त्यानें मानावें. तीं तेथेंच झोंपड्या घालून राहत होतीं आणि त्यांतील कांहीं बागेच्याहि आधींपासून राहत होतीं, हें मानणें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें. कारण जेथें पाणी, माती आणि राबणारीं माणसें आधींच आहेत अशीच जागा राजा बागेसाठीं निवडतो. माळ्याच्या झोंपडीविषयीं गॅझेटियर गप्प आहे खरें. पण गॅझेटियर लिहिणारे साहेब बागेंत फिरावयास आले होते. झोंपडींत बसावयास त्यांना कोणीं बोलाविलें नव्हतें.

तिसरें उत्तर ताजुद्दीन बाबांचें, आणि हेंच आज सर्वांत अधिक ऐकूं येतें. कामठी येथें १८६१ सालीं जन्मलेले बाबा तरुणपणीं पलटणींत नोकर होते. पुढें त्यांची वृत्ति पालटली, लोकांनीं वेडा म्हटलें, आणि १८९२ सालीं त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळांत झाली. सोळा वर्षें तेथें गेल्यावर १९०८ सालीं राजे रघूजीराव भोसले यांनीं त्यांना सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यांत आणून ठेविलें. मध्यंतरीं बाबा वाकी येथें राहिले, पुन्हा सक्करदऱ्यास आले, आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचा दर्गा उमरेडच्याच रस्त्यावर पुढें ताजाबाद येथें आहे. त्यास लोक मोठा ताजबाग म्हणतात, आणि सक्करदऱ्यांत जेथें ते राहत त्या जागेस छोटा ताजबाग.

ख्रिस्ती शाळेच्या वार्षिकांत फकिराची कथा कशास, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, इंग्रज सरकारच्या इस्पितळांतून एका मुसलमान फकिराला एक मराठा राजा जामीन राहून सोडवितो व आपल्या घरीं नेतो, ही गोष्ट कोणत्याहि धर्माच्या मुलांस सांगण्यासारखी आहे. या लेखापुरता मात्र आमचा रोख दुसरीकडे आहे. बाबा वाड्यांत आले तेव्हां त्यांच्या मागें कोण आलें? दुखणेकरी आले, दुखणेकऱ्यांचे नातलग आले. त्यांच्यासाठीं फुलें, नारळ, धूप आणि चहा विकणारे आले, टांगेवाले आले, भिकारीहि आले. अशा ठिकाणीं येणारा प्रत्येक जण परत जातोच असें नाहीं. ज्याचें माणूस बरें होत नाहीं तो आणखी आठ दिवस थांबतो; आठांचे पंधरा होतात; पंधराव्या दिवशीं बायको तीन दगडांची चूल मांडते. त्या चुलीवरून पुढें घर उठतें. राजानें बाबांना ठेवून घेतलें याची तारीख आपल्यापाशीं आहे. पहिली चूल कोणत्या दिवशीं पेटली याची तारीख कोणापाशींच नाहीं. गांवाचा जन्म मात्र दुसऱ्या दिवशींचा, असें आमचें मत आहे.

म्हणून बागेचा सक्करदरा आणि ताजबागेचा सक्करदरा यांत जो वाद घालतात तो आम्हांस पोकळ वाटतो. दोन्ही पक्ष एकाच मोठ्या वाड्याकडे बोट दाखवितात. वाड्याच्या मागच्या दारीं कोण राहत होतें, हें दोघेहि विचारीत नाहींत.

येथें थोडें विषयांतर करून गांव कशास म्हणावें हें पाहूं. आमच्या विदर्भांत 'रिठी' असा एक शब्द आहे. ज्या गांवास शींव आहे, शेतें आहेत, पटवाऱ्याच्या दप्तरांत नांव आहे, पण जेथें एकहि चूल पेटत नाहीं, तें गांव रिठी. त्यासच इतरत्र बेचिराग म्हणतात. २०११ च्या जनगणनेंत देशांतील सुमारे ६,४०,००० खेड्यांपैकीं ४०,००० हून अधिक खेडीं अशीं निर्मनुष्य होतीं. म्हणजे कागद आहे, माणूस नाहीं. अमेरिकेंत याच्या नेमका उलट प्रकार आहे. तेथें हजारों लहान वस्त्या अशा आहेत कीं त्यांत घरें आहेत, चर्च आहे, एखादें दुकान आहे, पण त्यांनीं आपली नगरसभा कधीं स्थापिलीच नाहीं. सर्व कारभार जिल्ह्याच्या कचेरींतून चालतो. कोणी एकानें चौरस्त्यावर दुकान घातलें, शेजारीं पोस्ट आलें, नाहीं तर आगगाडी तेथें पाणी भरावयास थांबूं लागली, एवढाच त्यांचा उगम. पोस्ट बंद होतें, स्टेशन मोडतें, तरी लोक आपल्या वस्तीचें नांव सोडीत नाहींत. तेथें माणूस आहे, कागद नाहीं. आणि आमच्या शाळेंतील मुलांस वेगळें सांगावयास नको कीं नासरेथ या गांवाचें नांव संबंध जुन्या करारांत एकदांहि येत नाहीं. लिहिणाऱ्यांच्या दृष्टीनें तें गांव नव्हतेंच.

सक्करदऱ्याची जात या दोहोंहून निराळी. येथें माणसें अगणित आहेत, नांव आहे, कागदावर मौजाहि आहे. पाटील नाहीं, कोतवाल नाहीं, ग्रामपंचायत नाहीं, चावडी नाहीं. नागपूरची नगरपालिका १८६४ सालीं स्थापन झाली. १९३६ च्या कायद्यानें सुधार प्रन्यास आला. नंतर महानगरपालिका आली. आणि यांपैकीं प्रत्येकानें आपापल्या परी शहराची शींव पुढें ढकलली. शेतांचे तुकडे पडून ले-आऊट झाले. '५७२' आणि '१९००' हे दोन आंकडे नागपूरकरांस पाढ्यासारखे पाठ आहेत : परवानगीवांचून पडलेल्या व मागाहून नियमित करावयास घेतलेल्या ले-आऊटांच्या त्या दोन याद्या. शेत गेलें आणि त्याच्या जागीं 'नगर' आलें. पूर्वीं या बाजूच्या नांवांत बाग असे, तुळशीबाग, रेशीमबाग, ताजबाग. आतां ज्या त्या फलकावर नगर आहे. आपल्या आजोबाचें शेत कोणत्या नगराच्या कोणत्या भूखंडाखालीं आहे, हें सांगूं शकणारा मनुष्य आम्हांस क्वचितच भेटला आहे.

कोणी म्हणेल, न सांगतां आलें तर बिघडलें काय? उगम कळून पोट भरतें थोडेंच! हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. पण त्यास एक अगदीं रोकडें उत्तर आहे, आणि तें आमच्या शाळेच्या कचेरींत दर जून महिन्यांत ऐकूं येतें. महाराष्ट्रांत जातीचा दाखला मिळवावयाचा व त्याची पडताळणी करून घ्यावयाची तर आपलें कुटुंब एका ठराविक दिनांकापूर्वीं या राज्यांत राहत होतें असें दाखवावें लागतें. अनुसूचित जातींस तो दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. मग आई-बाप शाळेंत येतात, आजोबाचा दाखला मागतात. आजोबा शाळेंत गेलेलाच नसतो. तेथून ते तहसिलींत जातात. तेथें त्यांस बंदोबस्त मिसल, १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी आणि कोतवाल बुकाची नक्कल हे शब्द प्रथम कळतात. आणि पुढचा प्रश्न येतो : "तुमचें मूळ गांव कोणतें?" आमच्या त्या विद्यार्थ्याचें वाक्य या ठिकाणीं आठवावें.

हे तीन कागद काय आहेत तें थोडक्यांत सांगणें उपयोगाचें होईल. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. त्यानंतरच्या बंदोबस्तांत इंग्रज सरकारनें गांवोगांवच्या मालगुजारांस जमिनीची मालकी बहाल केली, आणि ती पद्धत ३१ मार्च १९५१ रोजीं मध्यप्रदेश सरकारच्या कायद्यानें संपेपर्यंत चालली. नागपूर तेव्हां मध्यप्रदेशांत होतें. मिसल आणि अधिकार अभिलेख हे जमिनीचे कागद. ज्याच्या कडे जमीन, त्याचें नांव त्यांत सांपडतें. परंतु ज्याचा पणजोबा दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हांकीत होता, त्याच्या नांवें खसरा कोठला असणार? त्याचें नांव सांपडलें तर तें एकाच ठिकाणीं सांपडतें, कोतवालाच्या बुकांत. गांवांत कोण जन्मलें, कोण मेलें, बापाचें नांव काय, जात कोणती, मरणाचें कारण काय, एवढ्याच त्या बुकांतील नोंदी. कोतवाल बहुधा महार समाजाचा, बहुधा निरक्षर. बुक कांखेस मारून तो पोलीस ठाण्यापर्यंत पायीं जाई, आणि लिहिणारा दुसराच कोणी असे. ज्यास गांवांत बसावयास ओटा नव्हता त्या मनुष्यानें वाहून नेलेलें हें बुक आज उच्च न्यायालयापर्यंत पुरावा म्हणून दाखल होतें. मालगुजाराच्या बागेंतील फुलांची आठवण ठेवणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. बागेंतल्या गड्याच्या मुलाची आठवण ठेवणारें पुस्तक हें एवढें एकच.

म्हणून आम्ही म्हणतों कीं सक्करदऱ्याच्या उगमाचा प्रश्न हा कांहीं रिकाम्या वेळचा छंद नव्हे. ज्यांस आपलें मूळ गांव म्हणून उमरेड, भिवापूर किंवा भंडारा सांगतां येतें त्यांचें ठीक आहे. पण जीं कुटुंबें तीन-चार पिढ्या येथेंच राबलीं, ज्यांस मागें दुसरें खेडें नाहीं, त्यांनीं 'आम्हांला गांव नाहीं' असें म्हणणें म्हणजे आपला एकुलता एक कागद आपणच फाडणें होय. ताजबागेच्या आसऱ्यानें राहिलेल्यांची स्थिति तर याहून कठीण. त्यांचे पूर्वज ज्या तिथीस आले ती कोणीच टिपलेली नाहीं, आणि पायांखालची जमीन कोणाची हें विचारावयास मात्र वेळोवेळीं कोणी ना कोणी येत असतें.

येथें एका मोठ्या माणसाचा विरोध लक्षांत घेतला पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं खेड्यांच्या गौरवास साफ नकार दिला. खेड्याची वेस कोणासाठीं उघडी होती आणि कोणासाठीं बंद, हें ते स्वतः भोगून बोलत होते. तेव्हां जुनें गांव परत आणावें, पाराखालीं पंचांची बैठक पुन्हा भरावी, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. शहरानें सक्करदऱ्याच्या लेकरांस जें दिलें, नळ, शाळा, आणि शेजाऱ्याची जात न विचारतां घेतलेली भाड्याची खोली, तें थोडें नाहीं. तिसरी गोष्ट अजून सर्वांस मिळत नाहीं, हा भाग वेगळा. आमचें म्हणणें एवढेंच कीं गांव गेलें तरी त्याची नोंद जाऊं नये, आणि ती नोंद वाड्याच्या बाजूनेंच लिहिली जाऊं नये.

या कामीं आमच्यासारख्या शाळेवर थोडें जुनें ऋण आहे. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ सालीं या प्रांतीं आले आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं नागपुरास शाळा काढली. शिकविण्यापलीकडे त्यांस दोन नाद होते. एक दगडांचा आणि दुसरा माणसांचा. गोंडांच्या कथा, गाणीं व चालीरीती त्यांनीं त्यांच्या तोंडून ऐकून टिपून ठेविल्या. टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळें पाहावयास ते गेले होते. तेथून परततांना ४ सप्टेंबर १८६३ रोजीं पुराच्या नाल्यांत बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचीं टिपणें सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापविलीं. येथें पहिली वस्ती कोणाची, हा प्रश्न विचारतां विचारतां ज्यानें प्राण दिला त्याच्या परंपरेंतील शाळांनीं सक्करदऱ्यास जातांना फक्त बुधवारचा बाजार पाहून परतावें, हें आम्हांस शोभत नाहीं.

काम मोठें नाहीं, आणि त्यास अनुदानाचीहि गरज नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत पांच-सहा मुलांनीं सक्करदऱ्यांतील सर्वांत म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसावें. पुरुषांकडे नंतर जावें. ते राजकारणावर बोलूं लागतात. विहिरी किती होत्या, त्यांस नांवें काय होतीं, कोणती कोणी वापरावयाची नव्हती, त्या कोणत्या सालीं बुजविल्या, हें विचारावें. धुणें कोठें धूत, प्रेत कोठें नेत, तलावांत शिंगाडे कोण लावी, हेंहि विचारावें. घरांतील जुन्या पत्र्याच्या पेटींत जे कागद सांपडतील त्यांच्या प्रती काढून घ्याव्या आणि मूळ कागद ज्याचे त्यास त्याच दिवशीं परत करावे. या शेवटच्या गोष्टीवर आमचा फार कटाक्ष आहे, कारण 'पाहून देतों' म्हणून नेलेले गरिबाचे कागद सहसा परत येत नाहींत. वहीवर साल घालावें. सांगणारीस साल ठाऊक नसेल तर 'मोठ्या पुराच्या वर्षीं' असें ती सांगेल. तसेंच लिहावें, स्वतःच्या मनानें आंकडा घालूं नये.

आणि तलावाविषयीं एक शब्द. तलावाभोंवतीं आतां बगीचा आहे, सायंकाळीं लोक फिरावयास येतात, हें चांगलेंच आहे. पण गणपति, देवी, प्लॅस्टिक आणि गटाराचें पाणी या साऱ्यांस पोटांत घेऊन नागपूरच्या कोणत्याहि तलावानें फार दिवस तग धरल्याचें उदाहरण नाहीं. जुम्मा तलाव, सोनेगांव, नाईक तलाव, लेंडी तलाव, यांतील कोणाकडेहि जाऊन पाहावें. सक्करदऱ्याची दुसरी खूण, ते खरेदीखतांतील दोन शब्द, कपाटांत सुरक्षित आहेत. पहिली उघड्यावर आहे. ती गेल्यावर 'येथें पाणी होतें म्हणून येथें माणसें राहिलीं' हें वाक्य पुढच्या मुलांस खरें वाटणार नाहीं, जसें ज्वारीचें आजच्या मुलांस वाटत नाहीं.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांत जन्मस्थळाचा रकाना असतो. त्यांत गांव, तालुका, जिल्हा असें विचारलेलें असतें. यंदाच्या प्रवेशाच्या वेळीं आम्हीं तो रकाना मुद्दाम चाळून पाहिला. सक्करदऱ्यांत राहणाऱ्या व तेथेंच जन्मलेल्या मुलांपुढें पालकांनीं 'नागपूर, नागपूर, नागपूर' असें तीन वेळां लिहिलें आहे.

त्या आठवीच्या मुलास निबंध पुन्हा लिहावयास सांगितला आहे. त्यानें घरीं विचारलें तेव्हां आजी म्हणाली कीं त्यांच्या चाळीच्या मागें जेथें आतां दुचाक्या उभ्या करतात तेथें विहीर होती, आणि लग्न होऊन आल्यावर तिनें पहिली घागर तेथेंच भरली. विहिरीचें नांव तिला आठवत नाहीं; तिची धाकटी जाऊ दिघोरीला असते, तिला ठाऊक असेल म्हणाली. दिघोरीस जाण्याकरितां मुलानें शनिवारची अर्धी रजा मागितली आहे, आणि ती आम्हीं दिली आहे.